लॅपटॉप चोरीला गेला, लोकांचे कागद उघडे पडले: डिस्क एन्क्रिप्शन तुम्ही कसं करता?

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, हा धागा काढायला महिना लागला. लिहायला बसलो की तेच सगळं पुन्हा डोळ्यांसमोर येतं.

नाशिकचं काम आटोपून रात्रीच्या गाडीने परत येत होतो. नांदगावच्या आसपास डोळा लागला. जाग आली तेव्हा पाचोरा मागे पडलं होतं आणि पायाशी ठेवलेली बॅग नव्हती. तक्रार नोंदवली, मशीनचा नंबर दिला, रीतसर सगळं केलं. लॅपटॉप मिळाला नाही.

मी अकाउंट्स आणि टॅक्सची कामं करतो. लॅपटॉपच्या पैशांचं दुःख चार दिवसांत ओसरलं. आत जे होतं त्याचं ओसरत नाही. दोनशेच्या वर लोकांचे पॅन आणि आधार, बँकेची स्टेटमेंटं, सातबारे, एका घरातल्या भावाभावांच्या वाटणीचा कच्चा मसुदा, जो त्या घरातल्या सुनांनीही अजून पाहिलेला नाही. आणि माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणातले सगळे रिपोर्ट.

"अरे पण पासवर्ड होता ना?" जो भेटला त्याने हेच विचारलं. मीही त्याच भरवशावर होतो. मग जळगावला ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्या मुलाकडे माझा जुना लॅपटॉप घेऊन गेलो. त्यालाही तसाच लॉग-इनचा पासवर्ड होता. म्हटलं, हा न सांगता उघडून दाखव. त्याने मागचे स्क्रू काढले, डिस्क सरकवून बाहेर घेतली, हाताच्या पंजाएवढ्या केसिंगमध्ये बसवली आणि वायर स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर माझ्या नावाचा फोल्डर आला. त्यावर क्लिक केल्यावर 'परवानगी नाही, पुढे जायचं का?' असं विचारलं. त्याने 'पुढे' दाबलं. एक हिरवी पट्टी सरकली आणि माझे डॉक्युमेंट्स, माझे फोटो, सगळं त्याच्या पडद्यावर उघडं. पासवर्ड त्याने विचारलाच नाही. माझ्या हातातला चहा अजून गरम होता.

त्या संध्याकाळपासून एकेका पक्षकाराला फोन करून सांगितलं. यावलकडचे एक वयस्कर काका आहेत, दहा वर्षांपासूनचे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग दादा, माह्या सातबाऱ्यावर कोनी कर्ज उचललं तं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता नवीन लॅपटॉप घेतला आहे. त्यात अजून एकही फाइल टाकलेली नाही. आधी डिस्कला कुलूप लावायचं, मग लोकांचे कागद आत घ्यायचे असं ठरवलंय. तुम्ही काय वापरता, कशात फसलात, सविस्तर सांगा.

गिरणाथडी (चाळीसगाव)

दादा, आधी एक सांगतो. फोन करून लोकांना सांगितलंत हे फार मोठं काम केलंत. बहुतेक जण गप्प बसतात.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून मुळापासून सांगतो. विंडोजचा लॉग-इन पासवर्ड म्हणजे दारावर बसवलेला राखणदार. भिंत पाडून मागून आलेल्याला तो काही करू शकत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की राखणदार मागे राहिला. एन्क्रिप्शनमध्ये डिस्कवरचं प्रत्येक अक्षरच बदलून लिहिलेलं असतं. डिस्क कुठेही लावा, किल्ली नसेल तर अर्थ न लागणारा कचरा दिसतो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी एईएस पद्धत वापरतात. डेमेन आणि रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी ती बनवली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. आज आपल्या बँकांचे व्यवहारही तिच्यावरच चालतात.

आता यातली खुबी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातूनच येतात. तुमच्या पासवर्डने डिस्क थेट एन्क्रिप्ट होत नाही. सॉफ्टवेअर आधी एक लांबलचक मुख्य किल्ली तयार करतं आणि सगळा डेटा तिने बंद करतं. ही मुख्य किल्ली डिस्कच्या सुरुवातीला एका लहानशा भागात, हेडरमध्ये ठेवलेली असते आणि तो हेडर तुमच्या पासवर्डने बंद असतो. म्हणून पासवर्ड बदलायला दोन सेकंद लागतात, एक टीबी डेटा पुन्हा लिहावा लागत नाही. पण म्हणूनच तो चिमूटभर हेडर खराब झाला तर पासवर्ड तोंडपाठ असूनही सगळी डिस्क गेली. हेडरचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यायचाच. व्हेराक्रिप्ट नावाच्या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे.

काय वापरायचं? विंडोजची 'प्रो' आवृत्ती असेल तर बिटलॉकर हे एन्क्रिप्शन आत आहेच. होम असेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसतं का पाहा, मशीनने साथ दिली तर ते मिळतं. मॅकवर फाइलव्हॉल्ट. लिनक्सवर लक्स, २००४ पासून चालत आलेलं. उबंटू टाकतानाच एक टिक करायची असते. मी लक्सच वापरतो. त्यात एकाच कुलपाला अनेक किल्ल्या ठेवता येतात, नव्या आवृत्तीत ३२ पर्यंत. एक माझ्या डोक्यात, एक बायकोकडे पाकिटात.

केळीबाग (रावेर)

माझा प्रश्न साधा. माझ्याकडे सात-आठ वर्षं जुनं मशीन आहे. केळीच्या गाड्यांचा हिशोब, मजुरांचे बँक नंबर, व्यापाऱ्यांचं येणं, सगळं त्यातच. हे केल्याने मशीन हळू होईल का? आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अर्धी डिस्क झाली आणि वीज गेली तर?

गिरणाथडी (चाळीसगाव)

केळीबाग भाऊ, २०१० नंतर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना यायला लागल्या. सात-आठ वर्षांच्या मशीनमध्ये त्या असणारच. रोजच्या कामात फरक जाणवणार नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिल्यांदा पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट व्हायला मात्र रात्रभर लागू शकते.

वीज गेली तर बिटलॉकर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतं. व्हेराक्रिप्टही मध्येच थांबवून नंतर चालू करता येतं. तरी त्यावर विसंबू नका. आधी बॅकअप घ्या, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरा आणि मेच्या दुपारी तर हे काम काढूच नका. डिस्क सतत तासन्‌तास चालते, खोली आधीच तापलेली असते. मी पहाटे चारला सुरू केलं होतं.

पान्याची_पेटी (जळगाव)

माझा धंदाच दुरुस्तीचा. म्हणून इथे थोडं उलट बोलतो, राग मानू नका.

चोरीमुळे डेटा गेलेली माणसं माझ्याकडे वर्षाला दोन-चार येतात. स्वतःच्याच कुलपात अडकलेली माणसं आता महिन्याला येतात. मागच्या हिवाळ्यात पाचोऱ्याहून एक जोडपं आलं होतं. बाळ सहा महिन्यांचं, कडेवर. लॅपटॉपचा बोर्ड जळाला होता, दुसरीकडे बोर्ड बदलून घेतला. सुरू केल्यावर निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची राखीव किल्ली, मागायला लागला. त्यांनी तर एन्क्रिप्शन कधी केलंच नव्हतं. 'हे काय असतं' हेही त्यांना माहीत नव्हतं.

झालं होतं असं. डिव्हाइस एन्क्रिप्शनची किल्ली बोर्डावरच्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या टीपीएम चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की चिप बदलते, मग सिस्टिम ती ४८ आकड्यांची की मागते. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपोआप साठवलेली असते. कोणाच्या खात्यात? तर लॅपटॉप विकणाऱ्याने दुकानात पहिल्यांदा सेटअप करताना वेळ वाचावा म्हणून स्वतःच्याच एका मेलवर खातं उघडलं होतं. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नवीन मशीनवर असं खातं जोडलं की हे कुलूप आपोआप बसतं. दुकानदाराला फोन केला. त्याला तो मेलही आठवेना, पासवर्डही आठवेना.

त्या लॅपटॉपमध्ये बाळाच्या जन्माचे फोटो होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. त्या बाईंनी मला तीनदा विचारलं, "काहीतरी असेल ना दादा, पैसे लागले तरी चालतील." काहीही नव्हतं. मी डिस्क तशीच कापडात गुंडाळून परत दिली. फेकू नका म्हटलं, कधी तो मेल आठवला तर उघडेल.

म्हणून माझं म्हणणं: ज्याच्याकडे दुसऱ्या डिस्कवर बॅकअप नाही आणि की कागदावर लिहिलेली नाही, त्याने एन्क्रिप्शनला हात लावू नये. आणि ज्यांनी लॅपटॉप दुकानात सेट करून घेतलाय त्यांनी आज रात्रीच बघा, आत कोणाचं खातं आहे. तुमच्या घराची किल्ली कुठल्यातरी दुकानदाराच्या मेलमध्ये पडली असेल.

केळीबाग (रावेर)

आत्ता पाहिलं. माझ्या पुतण्याच्या कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये खरंच दुकानाच्या नावाचा मेल निघाला. स्वतःचं खातं जोडलं, रिकव्हरी की नव्याने काढली, कागदावर लिहून घेतली. पान्याची_पेटी भाऊ, उपकार झाले.

पायथा (शहादा)

मी एका संस्थेसोबत धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आरोग्याचं काम करते. संस्थेचं नाव नको.

आमच्याकडे सिकलसेलच्या तपासणीच्या याद्या असतात. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात हा आजार आहे हे सगळ्यांना ठाऊक. रक्ताचा हा दोष आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी मुलामुलींची तपासणी करून समजावणं हे आमचं मोठं काम. आणि म्हणूनच ती यादी ज्वालाग्राही आहे. कोणती मुलगी वाहक आहे हे गावात फुटलं तर तिचं लग्न मोडतं. वाहक मुलगी स्वतः आजारी नसते, तिचं आयुष्य नीट चालतं, हे समजावेपर्यंत सोयरीक तुटलेली असते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका कार्यकर्त्याकडून अशा यादीचा पेनड्राइव्ह जीपमध्ये राहिला. जीप वडापची. तीन दिवस आम्ही त्या ड्रायव्हरला शोधत होतो. शेवटी सीटखाली, धुळीत, तसाच सापडला. त्या तीन रात्री मला झोप नव्हती. यादीतल्या मुलींची तोंडं मला माहीत होती.

त्यानंतर आम्ही व्हेराक्रिप्ट घेतलं. पूर्ण डिस्क नाही, एक डबा. म्हणजे पेनड्राइव्हवर समजा आठ जीबीची एक मोठी फाइल तयार होते, बाहेरून काहीच कळत नाही. पासवर्ड टाकला की ती कॉम्प्युटरमध्ये नव्या ड्राइव्हसारखी उघडते. काम झालं की बंद करायची. सगळ्यांना शिकवायला दोन दुपारी लागल्या. आता नियम असा की डब्याबाहेर यादी ठेवायची नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर पाठवायचीच नाही.

एक अडचण सांगते. कधीकधी घाईत डबा बंद न करताच पेनड्राइव्ह ओढून काढतात. एकदा फाइल बिघडली. बॅकअप होता म्हणून वाचलो.

न्यायमंदिराजवळ (धुळे)

ताई, तुमचं लिहिणं वाचून अंगावर काटा आला. मी वकिली करते, कौटुंबिक खटले जास्त. माझ्याकडेही असेच कागद असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण पुढे कोणीतरी विचारणारच की हे करणं बेकायदेशीर तर नाही ना. नाही. सामान्य माणसाने स्वतःची डिस्क एन्क्रिप्ट करण्यावर भारतात बंदी नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा काढला होता, त्यात नागरिकांनी मजकूर उघड्या स्वरूपात ९० दिवस जपून ठेवावा असं होतं. एवढा विरोध झाला की तो काही दिवसांतच मागे घेतला. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कलम २१ मधला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९ खाली सरकार डेटा उघडून देण्याचा आदेश काढू शकतं. तो आदेश साधारणपणे केंद्रीय किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरून यावा लागतो. मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेव्हा कुलूप चोरापासून, आगाऊ नजरेपासून आहे. कायद्यापासून पळण्याचं साधन म्हणून कोणी याकडे पाहू नये.

तापीकाठ दादा, तुमच्यासारख्या व्यावसायिकांसाठी आणखी एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लोकांचा डेटा सांभाळणाऱ्यावर योग्य ती सुरक्षा ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. लहान व्यावसायिकाला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण कायद्याच्या नजरेत ही बाब किती मोठी आहे ते कळावं.

आणि एक माझ्या अनुभवातलं. माझ्या पक्षकार बायकांना धोका रस्त्यावरच्या चोराचा नसतो, घरातल्या माणसाचा असतो. नवऱ्याला लॅपटॉपचा पासवर्ड ठाऊक असतो, बोटाचा ठसा झोपेत लावून फोन उघडतात. तिथे पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन कामाचं नाही, कारण तो माणूस सरळ समोरच्या दारानेच आत येतो. अशा बाईने तिचे कागद वेगळ्या डब्यात, वेगळ्या पासवर्डने ठेवावेत, आणि डबा माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे. पासवर्डचा कागद घरात नको.

गिरणाथडी (चाळीसगाव)

ताईंनी फार मोलाचं सांगितलं. त्याला जोडून: मशीन चालू आणि उघडं असताना एन्क्रिप्शन तुमचं कुठलंच रक्षण करत नाही. व्हायरस आला, तर तो तुमच्यासारखाच आत बसून सगळं वाचतो. नुसतं झाकण मिटून लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवला तरी किल्ली मेमरीत जिवंत असते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. मेमरीच्या चिपवर थंड फवारा मारून ती उणे ५० अंशांपर्यंत नेली, मग वीज तोडली, तरी किल्ल्या काही मिनिटं आत टिकून होत्या आणि त्यांनी त्या वाचल्या. आपल्या बॅगेवर असा चोर येणार नाही, पण प्रवासाला निघताना शट डाऊन करायची सवय लावाच.

भोभाऊ (साक्री)

बठ्ठा धागा वाची लिधा भो. माले एकच इचारनं शे. मी २०१२ पासून ट्रूक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर वापरतो, आवृत्ती ७.१ए. कधी दगा दिला नाही. बदलायची गरज आहे का?

गिरणाथडी (चाळीसगाव)

भोभाऊ, बदला. २८ मे २०१४ ला ट्रूक्रिप्टच्या निर्मात्यांनी अचानक काम बंद केलं आणि साइटवर लिहून टाकलं की हे आता सुरक्षित नाही, यात न दुरुस्त झालेल्या त्रुटी असू शकतात. कारण कधीच नीट कळलं नाही. पुढे २०१५ मध्ये त्याच्या कोडची तपासणी पूर्ण झाली, मुद्दाम ठेवलेलं मागचं दार त्यात सापडलं नाही. तरी दहा वर्षांहून जास्त काळ ज्याला कोणी हात लावलेला नाही अशा सॉफ्टवेअरवर कागद ठेवू नयेत.

व्हेराक्रिप्ट त्याच झाडाची फांदी, २०१३ पासून. मोठा फरक पासवर्डपासून किल्ली बनवण्यात. ट्रूक्रिप्ट ती प्रक्रिया हजार-दोन हजार वेळा घोटायचं, व्हेराक्रिप्ट साध्या डब्यासाठी पाच लाख वेळा घोटतं. तुम्हाला उघडताना क्षणभर थांबावं लागतं. पासवर्डचे अंदाज मारणाऱ्याला मात्र प्रत्येक अंदाजाला तेवढं थांबावं लागतं.

एक काळजी घ्या. २०२३ मधल्या १.२६.७ या आवृत्तीपासून व्हेराक्रिप्टने जुने ट्रूक्रिप्टचे डबे उघडणं बंद केलं. तुम्हाला १.२५.९ घेऊन जुना डबा उघडावा लागेल, मग आतलं सगळं नव्या डब्यात हलवा.

केळीबाग (रावेर)

पासवर्ड कसा ठेवायचा? मी अहिराणी आणि आमची लेवा बोली दोन्ही बोलतो. गावाकडचा एखादा ठेवणीतला शब्द ठेवला तर बाहेरच्या कोणाला सुचणार नाही असं वाटतं.

गिरणाथडी (चाळीसगाव)

एकच शब्द नको, आणि म्हण किंवा ओवीची ओळ तर अजिबात नको. जे चार लोकांना पाठ आहे ते अंदाजात येतंच. शब्द बोलीतले घ्या, पण निवड तुमच्या मनाने करू नका. मन नेहमी ओळखीच्या वाटेने जातं.

मी मुलांना असं करायला लावतो. वहीत २१६ साधे शब्द लिहा. तीन फासे एकापाठोपाठ एक टाकले की आकड्यांच्या २१६ जोड्या होतात, प्रत्येक शब्दाला एक जोडी. फासे आठ वेळा टाका, जे आठ शब्द येतील तेच, त्याच क्रमाने. अशा जोड्या होतात ४७ वर सतरा शून्यं इतक्या. व्हेराक्रिप्ट प्रत्येक अंदाजाला पाच लाख वेळा घोटायला लावतं हे धरलं तर चोराचा जन्म जाईल. शब्द इथे मात्र लिहू नका.

आणि हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही: विंडोज सुरू होण्याआधी जो पासवर्ड मागितला जातो तिथे देवनागरी चालत नाही, रोमन अक्षरंच लागतात. म्हणून बोलीतला शब्द रोमनमध्ये कसा लिहाल ते एकदा पक्कं ठरवा. ळ ला एकदा एक अक्षर, एकदा दुसरं असं झालं की बाहेरच राहाल. व्हेराक्रिप्टच्या साध्या डब्याला देवनागरी पासवर्ड चालतो, पण दुसऱ्याच्या मशीनवर मराठी कीबोर्ड नसला तर अडाल.

पान्याची_पेटी (जळगाव)

जुन्या डिस्कबद्दलही लिहितो. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कमध्ये, फाइल डिलीट केली, वर दुसरं काही लिहिलं, तरी जुना मजकूर आत कुठेतरी राहू शकतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती दर वेळी वेगळ्या जागी लिहिते. म्हणून आधी कागद आणि मग एन्क्रिप्शन, असा क्रम कच्चा. तापीकाठ दादांनी रिकाम्या मशीनपासून सुरुवात केली हे एकदम बरोबर. ज्यांच्या मशीनमध्ये आधीच डेटा आहे त्यांनी बिटलॉकर लावताना 'फक्त वापरलेली जागा' न निवडता 'पूर्ण ड्राइव्ह' निवडा.

मोबाइलचंही लोक विचारतात. अँड्रॉइड १० पासून पुढच्या नव्या फोनमध्ये आतली साठवण एन्क्रिप्ट असतेच. वरून घातलेलं मेमरी कार्ड मात्र बहुतेकांचं उघडं असतं. फोन दुरुस्तीला देताना ते काढून घ्या. मला दिलात तरी.

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. मधे रिटर्नची गर्दी होती.

काय केलं ते सांगतो. लॅपटॉपला विंडोज होम आहे, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळालं. आधी माझं स्वतःचं खातं जोडलं. ४८ आकडे हाताने दोन कागदांवर उतरवले आणि बायकोने मोठ्याने वाचून ताडून पाहिले. एका ठिकाणी मी ६ चा ९ केला होता. एक कागद घरच्या कपाटात, एक बहिणीकडे यावलला.

दिवसभर ऑफिसात लॅपटॉप उघडा असतो, मदतनीस मुलगाही त्यावर बसतो. म्हणून पक्षकारांचे कागद वेगळ्या व्हेराक्रिप्टच्या डब्यात, ४० जीबीच्या. शहाद्याच्या ताईंचा नियम उचलला, डब्याबाहेर एकही आधार कार्ड नाही. पहिल्या आठवड्यात हा नियम मीच दोनदा मोडला, स्कॅनर डाउनलोड्समध्ये टाकायचा आणि मी विसरायचो. आता स्कॅनरचा रस्ताच डब्यात वळवला आहे. डबा उघडा नसेल तर तो स्कॅनच करत नाही.

पासवर्डच्या वहीत आईचे शब्द लिहिले. तिच्या तोंडचे, स्वयंपाकघरातले, मळ्यातले, आता घरात कोणी बोलत नाही असे. २१६ भरायला चार रात्री लागल्या. बायको आणि बहीण फोनवरून आठवून सांगत होत्या, मध्येच रडत होत्या. फासे मुलाच्या सापशिडीतले. वही जाळली नाही, तिच्यात पासवर्ड नाहीच, नुसते शब्द आहेत. ती देवघरात ठेवली आहे.

बॅकअपची बाहेरची डिस्कही व्हेराक्रिप्टने बंद केली, हेडरचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतला. मग ती डिस्क घेऊन मुद्दाम जळगावला त्याच मुलाकडे गेलो. तोच टेबल, तेच कॉम्प्युटर. त्याने वायर जोडली. पडद्यावर आलं: 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?' तो म्हणाला, "दादा, हा बॉक्स नीट लक्षात ठेवा. विंडोजला ही डिस्क कळत नाही म्हणून ते विचारतंय. घरात कोणी सवयीने 'हो' दाबलं तर सगळं गेलं." मी डिस्कवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फॉरमॅट करू नये', आणि खाली माझा नंबर.

परवा यावलचे काका स्वतः कागद घेऊन आले, पिशवीत घालून, वर रुमाल बांधलेला. मी त्यांना खुर्ची दिली, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि डबा बंद असताना काय दिसतं, उघडल्यावर काय दिसतं ते दाखवलं. त्यांनी दोनदा बंद करून उघडायला लावलं. मग पिशवीची गाठ सोडून सातबारा माझ्या हातात दिला.